सहावा तुकडा

१

केंद्रातला जुना संगणक चालू करायचा तर आधी त्याच्या डाव्या कुशीवर तळहाताने एक दणका द्यावा लागे. कुठे आणि किती जोरात, हे जगात एकाच बाईला ठाऊक होतं, आणि ती बाई सात वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. म्हणून सोमवारी सकाळी हाजराला बोलावणं गेलं.

आलापल्लीला सागाच्या रोपवनाला लागून हे लोकगीत केंद्र. टिनाची एक लांब खोली, पुढे पडवी, आत लोखंडी कपाटं. गावोगावची गाणी, कहाण्या, बायांची रडणी ध्वनिमुद्रित करून इथे जमा केलेली. संगणक युनिक्सवर चालणारा, फ्रिजएवढा. तो आला तेव्हा शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत डास आणि डाळभाताला कंटाळून पळाला. दहावी नापास हाजराने त्याचं जाडजूड पुस्तक झेरॉक्स करून घेतलं, शेजारी शब्दकोश ठेवला, आणि आठ महिन्यांत यंत्राला माणसाळवलं. कुणी कौतुक केलं नाही. तिनेही कुणाची वाट पाहिली नाही.

"मॅडम, उद्या गाडी येते भंगारवाल्याची," केंद्राचा नवा प्रमुख अश्वजित म्हणाला. "काय काढायचं ते आजच्या आज काढून घ्या. तसं माह्या फोनमध्ये याच्या शंभरपट जागा आहे म्हणा."

"जागा आहे, बाबू. पण ठेवाले काय आहे तुह्यापाशी? लग्नाचे फोटो?"

अश्वजित हसला, आपला लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला, आणि जेवायला घरी गेला तो चार वाजेपर्यंत येणार नव्हता.

हाजराने कपाटाच्या तळातून एक टेप काढली. हातात मावेल एवढी काळी डबी. वर तिच्याच अक्षरात लिहिलेलं: गुलाब, मार्च २००६. पडवीत सकाळपासून एक म्हातारी बसून होती. तिने विचारलं, "भेटली का?"

"भेटली, ठमाबाई. आत या."

२

ठमाबाई म्हणजे गुलाबची आई. पंच्याऐंशी वर्षांची, हाडं तेवढी उरलेली, पण नजर सुईसारखी.

गुलाब या केंद्राचा ध्वनिमुद्रक होता. तो आणि हाजरा, दोघं मिळून बारा वर्षं जंगलातली गावं फिरले. जंगलातून चालायची त्यांची ठरलेली रीत होती. वाट अरुंद, एकामागे एक चालायचं. गुलाब पुढे, कारण वाट त्याला दिसायची. हाजरा मागे, खांद्याला ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावून, कारण यंत्र तिचं ऐकायचं. थोड्या थोड्या वेळाने गुलाब मान न वळवता विचारायचा, "आहे का मांगं?" आणि ती म्हणायची, "हाव." एवढंच. जंगलात मागच्याने उत्तर दिलं की पुढचा चालत राहतो. उत्तर नाही आलं तर थांबतो. इकडचा शेंबडा पोरगाही हे जाणतो.

मुद्रणाचीही रीत होती. यंत्र ज्याच्या हाती, त्याने सुरुवातीला सांगायचं: "पुढं गुलाब, मांगं हाजरा." आणि संपलं की तेच पुन्हा सांगून शेवटी म्हणायचं: "झालं." मग बटण दाबायचं. 'झालं' नसेल ते मुद्रण अपुरं, त्याची नोंद वहीत करायची नाही.

२००६ च्या मार्चात गुलाब पल्याडच्या गावात कोलू नावाच्या म्हाताऱ्याचं गाणं आणायला निघाला. हाजरा तेव्हा अठ्ठेचाळीसची; तिनेही सोबत जायचं होतं. पण आदल्या दिवशी तेव्हाच्या साहेबाने फर्मावलं की संगणकाजवळ हाजराबाई हवी, आणि ती थांबली. गुलाब यंत्र घेऊन एकटा गेला. चौथ्या दिवशी यंत्र मिळालं, मोहाच्या झाडाखाली नीट ठेवलेलं. गुलाब मिळाला नाही. कुणी वाघ म्हणालं, कुणी आणखी काही म्हणालं. मोहाखाली रक्ताचा थेंब नव्हता.

यंत्रातलं मुद्रण नागपूरहून या टेपवर चढून आलं. हाजराने ते संगणकात उतरवलं. तीन तास तेवीस मिनिटं. गुलाब म्हणतो, "पुढं गुलाब. मांगं कोनी नाई." मग पाचोळ्यावर त्याची पावलं, त्याचा श्वास, मधेच त्याचं गुणगुणणं. आणि एका पावलाच्या मधोमध सगळं तुटतं.

ठमाबाईने तेवढं मुद्रण एकोणीस वर्षं ऐकलं. घरात गुलाबचा फोटो आहे, त्याला हार नाही. समाजातले लोक समजावून थकले की पुण्यानुमोदन करून घे, पोराच्या नावाने चार माणसं जेवू दे. तिचं एकच: "त्यानं झालं म्हटलं का? नाई ना? मंग मी कशी म्हनू?"

औंदा मात्र तिला दम लागू लागला होता. जायच्या आधी तिला पोराचा तो एक शब्द ऐकायचा होता, बस्स.

३

आणि हाजराला एक गोष्ट ठाऊक होती जी तिने एकोणीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

ते मुद्रण गुलाबने तोडलं नव्हतं. यंत्रानेही नाही. ते तिच्या संगणकाने कापलं होतं.

जुन्या युनिक्सला एका फायलीत दोन जीबीपलीकडे मोजताच येत नाही. २१४७४८३६४७ हा त्याचा शेवटचा आकडा. त्याच्यापुढे एक अक्षर आलं की तो फाईल फार मोठी झाल्याचा निरोप पडद्यावर टाकतो आणि हात वर करतो. २००६ मध्ये तो निरोप हाजराने वाचला होता. पण त्यावर इलाज तिला माहीत नव्हता, आणि माहीत नाही असं साहेबापुढे कबूल करणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने पडदा पुसला आणि म्हणाली, एवढंच आहे. नंतर इलाज सापडला तोवर टेप कपाटात गेली होती, आणि आपलं खोटं पुन्हा उघडायला कुणाला आवडतं?

आज तिने ठमाबाईला ते सांगून टाकलं. एका दमात.

म्हातारीने आधी त्या टेपकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकोनीस वर्स तू मले अर्ध्या वाटेवर उभं ठेवलं व, हाजरा."

"हाव."

"मंग आता रडू नको. काढ पुढचं."

४

इलाज तसा साधा. टेपवरून येणारा प्रवाह फायलीत साठवायचाच नाही. तो नळीतून सोडावा तसा थेट कापणाऱ्याच्या हाती द्यायचा, आणि कापणाऱ्याने पाच-पाचशे एमबीचे तुकडे पाडत जायचं. कुठलाच तुकडा मर्यादेला शिवत नाही, यंत्र कुरकुर करत नाही. हाजराने हुकूम लिहिला, वाचला, पुन्हा वाचला. कळ दाबली. टेप घरघरली.

हिशेब तिचा पक्का होता. गुलाबच्या यंत्राची बॅटरी चार तास चालायची. म्हणजे पाच तुकडे, पाचवा थोडा कमी. त्या पाचव्यात, सुरुवातीच्या पाच मिनिटांनंतर, जुनी कापलेली जागा येणार. आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात गुलाबचं 'झालं', नाहीतर बॅटरी संपल्याची शांतता.

आठ-नऊ मिनिटांनी एक तुकडा पडत होता. पाचवा पडल्यावर तिने तो वायरीने लॅपटॉपवर ओढला आणि कापलेल्या जागेवर नेऊन लावला.

तीच ती ओळखीची पावलं. चर्र, चर्र. श्वास. मग ते अर्धं पाऊल.

पाऊल पुरं पडलं. ठमाबाईने हाजराचं मनगट धरलं.

पावलं चालू राहिली. पण हाजराची भुवई वर गेली. आतापर्यंत यंत्र गुलाबच्या छातीशी होतं, त्याचा श्वास कानाला लागत होता. कापलेल्या जागेनंतर श्वास नव्हता. त्याची पावलं दहा हात पुढून येत होती. आणि यंत्राच्या अगदी जवळ दुसरीच पावलं वाजत होती. एक पाऊल साफ पडायचं. दुसऱ्याची टाच पाचोळ्यात घासत यायची.

दुरून गुलाब म्हणाला, "आहे का मांगं?"

आणि यंत्राजवळून, अगदी कानाशी, एक बाई म्हणाली, "हाव."

५

"कोन होती व त्याच्यासंग?" ठमाबाईने विचारलं.

हाजराचा हात उजव्या गुडघ्यावर गेला. लहानपणी बैलबंडीवरून पडून तिचा उजवा गुडघा गेला होता. दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरला तो बदलेपर्यंत, उभा जन्म, तिची उजवी टाच घासत होती.

तिने डोकं शाबूत ठेवलं. जुन्या टेपांवर एकावर एक मुद्रण होतं, खालचं कधी कधी वर झिरपतं. आधीच्या फेरीतलं काही राहिलं असेल, तेव्हा मीच असायची मागे. असं होतं. पुस्तकात आहे.

मागे टेपची घरघर अजून चालूच होती. तिने वळून पडद्याकडे पाहिलं. सहावा तुकडा पडला होता. सातवा पडत होता.

"किती राह्यले?" ठमाबाई म्हणाली.

"पाचच निघाले पायजे होते."

टेप फिरून त्याच जागी येत असेल, तेच तेच वाचत असेल. मग तुकडे सारखेच निघतील. यंत्राला प्रत्येक तुकड्याची बेरीज मांडायला सांगता येते; दोन तुकडे एक असतील तर आकडाही एकच येतो. तिने बेरजा मागवल्या. सात तुकडे, सात आकडे, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही.

त्या डबीत आठ तुकड्यांहून जास्त काही मावतच नाही. तेवढी फीतच नसते तिच्यात. हाजरा खुर्चीवर बसून पाहत राहिली. आठवा पडला. टेप न थांबता पुढे गेली. नववा.

तिने टेप बाहेर काढायचं बटण दाबलं. बटण आत गेलं आणि पुन्हा वर आलं. घरघर तशीच. तारेवर हात गेला तेव्हा ठमाबाई कडाडली, "हात नको लावू! पोरगा चालून राह्यला माहा!"

६

मग त्यांनी तुकडे मधून मधून ऐकले. सहावा. नुसता पाचोळा, आणि दर थोड्या वेळाने तो प्रश्न. "आहे का मांगं?" "हाव." सातव्यात दोघं पाण्यातून गेले, पुढचा आधी, टाच घासणारी नंतर. आठव्यात पायाखाली रेती. कुणी दमत नव्हतं. कुणी थांबत नव्हतं. हाजराला वाटलं, गुलाब एकदा तरी मागे वळून पाहील. पण का पाहावं त्याने? उत्तर मिळत होतं ना.

नवव्या तुकड्यात पाचोळा संपला आणि डांबरी रस्ता लागला. दूर कुठेतरी कर्णा वाजत होता. हाजराने आवाज वाढवला.

"ओला कचरा येगळा, सुका कचरा येगळा. मावशी, पिशवीत बांधून देऊ नका..."

"ही तं आपली रिना," ठमाबाई म्हणाली. "कचऱ्याच्या गाडीवरची."

रिना ग्रामपंचायतीत कामाला लागून वर्ष झालं नव्हतं. तिचा आवाज त्या गाडीवर गेल्या दिवाळीत भरला. २००६ मध्ये ती पाळण्यात होती.

हाजराला आता पुस्तकातलं काही आठवेना. तिने बाहेर पाहिलं. दुपारचं लख्ख ऊन, पडवीत सागाची दोन-चार मोठी पानं, कुत्रं झोपलेलं. खोलीत टेपची घरघर. सगळं जागच्या जागी.

दहावा तुकडा पडला. तिने तो लावला. कर्णा मागे पडला होता. पुन्हा पाचोळा, पण हा रोपवनातला, एका उंचीच्या झाडांचा, पावलांचा आवाज रांगेरांगेतून परतणारा. पावलं जवळ आली. माती. मग फरशी. आणि त्या पावलांच्या मागे, मुद्रणातच, एक बारीक घरघर ऐकू येऊ लागली.

तिने लॅपटॉप थांबवला. खोलीतली घरघर चालू होती. तीच होती.

पडवीतलं कुत्रं उठलं, कान पाडून निघून गेलं.

७

"गुलाब!" ठमाबाई उभी राहिली. "आरं, किती चालशील बाप्पा? म्हन ना झालं! म्हन आन् बस खाली!"

अकरावा तुकडा पडत होता. हाजराने तो पुरा व्हायची वाट पाहिली नाही. जेवढा उतरला होता तेवढाच लावला. पावलं फरशीवर जागच्या जागी वाजत होती, जसा माणूस चालतो आहे पण खोली संपत नाही.

"आहे का मांगं?"

"हाव."

"म्हनत काऊन नाई तो?" म्हातारीचा आवाज फुटला. "काऊन नाई म्हनत, हाजरा?"

आणि तेव्हा हाजराला कळलं. एवढी साधी गोष्ट, आणि एकोणीस वर्षं दोघी त्याच्या तोंडाकडे पाहत बसल्या होत्या. 'झालं' पुढच्याने म्हणायचंच नसतं. ज्याच्या हाती यंत्र, त्याने म्हणायचं. यंत्र मागे होतं. गुलाब वाट पाहत चालला होता, मागची कधी म्हणते त्याची. आणि मागची फक्त 'हाव' म्हणत होती.

हाजराने घसा साफ केला. बोलायला तोंड उघडलं आणि एक क्षण वाटलं, हे आपण म्हणू नये. का, ते सांगता आलं नसतं. पण ठमाबाई तिच्याकडे पाहत होती.

"पुढं गुलाब," ती म्हणाली, "मांगं हाजरा. झालं."

आणि जुन्या सवयीने अंगठा हवेतच दाबला.

टेप खट्ट करून थांबली. उलटी गुंडाळली गेली. पडद्यावर किती उतरलं त्याचे आकडे आले आणि खाली यंत्राची रिकामी खूण लुकलुकू लागली. हुकूम पुरा झाला की येते तीच.

त्यांनी अकराव्याचा शेवट ऐकला. पावलं थांबतात. कुणीतरी पुरुष लांब श्वास सोडतो, भारा उतरवल्यावर सोडतात तसा, आणि खाली टेकतो. मग हाजराचाच आजचा, म्हातारा, खरखरीत आवाज सांगायचं ते सांगतो. झालं. पुढे काही नाही.

ठमाबाईने पदराने डोळे पुसले. "दमला होता," ती म्हणाली. "किती दमलं होतं व माहं लेकरू."

८

चार वाजता अश्वजित आला, तेव्हा त्याला सगळे तुकडे लॅपटॉपवर मिळाले आणि संगणक बंद मिळाला. "झालं का मॅडम?" त्याने विचारलं. हाजराने मान डोलावली. तो शब्द तिला पुन्हा तोंडात घ्यायचा नव्हता.

दोघी रोपवनातल्या पायवाटेने घरी निघाल्या. ऊन तिरपं झालं होतं, सागाची पानगळ घोट्यापर्यंत. वाट एकाच माणसाची. ठमाबाई म्हणाली मी पुढं होतो, आणि काठी टेकत झाली पुढे. एवढं हलकं चालताना हाजराने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बोलत होती आपली. "आयतवारी भन्तेजीले बोलावतो. खीर करतो. हार मात्र तू आनजो, झेंडूचा. तुह्याच हातचा घालतो त्याले."

"आनतो, ठमाबाई."

"तुह्यावर राग होता मले. आता नाई."

हाजरा पावलं मोजत होती. ठमाबाईची दोन आणि काठी. आपली दोन, आता दोन्ही साफ पडणारी, डॉक्टरने दिलेल्या गुडघ्याची. पाच आवाज. ती थांबली तर तीन राहायला हवेत. तिला थांबून पाहायचं नव्हतं.

पुढे वाट वळत होती. ठमाबाईचं पांढरं लुगडं एका बुंध्याआड गेलं, आणि तिथूनच, मान न वळवता, जंगलात जन्म काढलेल्या माणसाच्या सवयीने, तिने हाक दिली.

"आहे का मांगं, हाजरा?"

हाजराने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"हाव," मागून आवाज आला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईचा, दमदार, ओळखीचा. आणि पाचोळ्यात घासत एक टाच पुढे सरकली.

वळणापलीकडे काठीचा आवाज तसाच चालू राहिला. ठमाबाई थांबली नाही. तिला उत्तर मिळालं होतं.